मांसवर्धक द्रव्य, बारा भाग

मला माझ्या मराठीचा फार माज होता. अल्लीपुरात १९५७ साली इंग्रजी वाचणारे आम्ही दोघे-तिघेच, आणि त्यातही प्रत्येक इंग्रजी शब्दाला अस्सल मराठी शब्द शोधून काढणारा मी एकटा. पोरांनी 'पेन्सिल' म्हटलं की मी त्यांच्याकडून दहादा 'शिसलेखणी' म्हणवून घेत असे.

त्या वर्षी थंडीत आमच्या गावच्या नर्सबाई, सुलोचनाबाई, वर्ध्याहून दोन खोकी घेऊन आल्या. परदेशातून धर्मादाय आलेले डबे होते ते. गरोदर आणि लेकुरवाळ्या बायांना वाटायचे होते. आत पिवळा दाट लगदा, त्यात भाकरीचा तुकडा बुडवून खायचं. डब्यावरचं इंग्रजी वाचायला मला बोलावणं आलं.

"काय हाये यात, मास्तर?" गर्दीतून रूपरावांनी विचारलं.

"चीज," मी म्हणालो.

"चीज हाये हे तं दिसूनच राह्यलं. कोनची चीज?"

सगळे खदखदून हसले आणि माझं डोकं तापलं. नीट वाचलं तर ते चीजही नव्हतं. 'चीजच्या चवीचं' असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. त्याखाली आत कशाचं किती प्रमाण आहे याची यादी होती.

"बाया इचारतात, आत काय हाये," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तेवढं फळ्यावर लिहून द्या ना मराठीत. लोकाइले भरोसा वाटंल."

मी दवाखान्याच्या भिंतीवरचा फळा घेतला आणि घरी बसून दोन तास खपलो. फॅटला 'स्निग्धांश' लिहिलं. कॅल्शियमला 'चुनखडीचे सत्त्व'. प्रोटीनला मात्र शब्द सापडेना. शरीरात मांस वाढवतं ते, म्हणून लिहिलं, 'मांसवर्धक द्रव्य, बारा भाग'. वळणदार अक्षर, एकही खाडाखोड नाही. लांबून, जवळून पाहून मी स्वतःवरच खूश झालो. फळा परत दवाखान्यात टांगला, डबे वाटले गेले, आणि आभार म्हणून सुलोचनाबाईंनी मलाही एक डबा दिला.

रूपरावांचं वाचन जोडाक्षरापर्यंत पोचत नसे. त्यांनी फळ्यावर बोट ठेवून 'मांस' एवढं वाचलं, पुढच्या 'र्ध'ला अडकले आणि तडक चावडीवर गेले. संध्याकाळपर्यंत गावात झालं की डब्यात मांस आहे.

आणि मग लोकांनी दोष कोणाला द्यावा? मला नाही. सुलोचनाबाई हिंगणघाटच्या. आदल्या वर्षी घरच्यांबरोबर नागपूरला जाऊन बौद्ध झालेल्या. "आपल्याले बाटवाले आनले तिनं डबे," असं लोक बोलू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या पायरीवर परत आलेल्या डब्यांची रांग लागली.

त्यात रुख्माबाईंचाही डबा होता. रुख्माबाई गळ्यात माळ घातलेल्या. डबा नेताना त्यांनी सुलोचनाबाईंना तो आधी ओट्यावर ठेवायला लावला होता आणि पाणी शिंपडून मग उचलला होता. त्यांची सून मंदा सातव्या महिन्यात होती. आधीची दोन बाळं जन्मून आठवडाभरही जगली नव्हती. तिच्या मनगटाची हाडं लांबून दिसत. सगळ्या गावात सुलोचनाबाईंना घोर होता तो तिचाच. आता रुख्माबाई त्यांना दारातही उभं करेनाशा झाल्या.

मला सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात निस्तरता आलं असतं. पण 'माझा शब्द चुकला' हे वाक्य तोंडातून निघेना. चार दिवस मी गप्प राहिलो. आजही ते चार दिवस मला टोचतात.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत सुलोचनाबाई शाळेत आल्या, फळा काखेत मारून.

"मास्तर, यात मटन हाये का?"

"नाही हो. शब्दाचा अर्थ असा की..."

"मले अर्थ नका सांगू. रुख्माबाईले सांगा. तुमचा शब्द हाये. चला."

गेलो. रुख्माबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. मंदा दाराआड उभी होती. सुलोचनाबाई अंगणातच थांबल्या. मी घसा खाकरला आणि एकदाचं बोललो, "रुख्माबाई, चूक माझी आहे. डब्यात मांस नाही. ज्याला मी मांसवर्धक लिहिलं ते आपल्या तुरीच्या डाळीतही असतं. डाळीत तर जास्तच."

रुख्माबाईंनी सूप खाली ठेवलं. "मंग डाळच काऊन नाई सांगत खायाले? आमच्या घरी रोज वरन शिजते."

"शिजते," अंगणातून सुलोचनाबाई म्हणाल्या. "पन हिच्या ताटात काय येते, माय? आधी गडीमानसं जेवतात, मंग तुमी. हिच्यापाशी वरनाचा गंज येतो तेव्हा डाळ सरलेली असते, वरचं पानी राह्यते. डबा म्हून आनला. डबा तरी एकटीच्या नावाचा हाये."

दाराआडची मंदा आणखी आत सरकली. रुख्माबाईंचा चेहरा लाल झाला, आणि तो राग त्यांनी माझ्यावर काढला.

"तुमी खाल्लं का मास्तर?"

"काय?"

"हेच. तुमाले तं समदं वाचता येते. मांस नाई हे पह्यल्या दिवसापासून ठाऊक. तुमाले बी डबा भेटला ना? खाल्लं का?"

माझा डबा घरी फडताळात होता. झाकणही उघडलं नव्हतं. आत काय आहे हे गावात माझ्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरी मी तो तोंडाला लावला नव्हता. का, ते मी स्वतःलाही विचारलं नव्हतं. सुलोचनाबाई माझ्याकडे पाहत होत्या. का, हे त्यांना मला विचारायची गरज नव्हती.

त्यांनी पिशवीतून डबा काढला. झाकण कापलं. फडक्यातली आपली भाकरी सोडली, तिचा तुकडा मोडला, पिवळ्या लगद्यात बुडवला आणि हात माझ्यापुढे केला. ओट्यावर ठेवला नाही. हातातच धरला.

मी त्यांच्या हातून तुकडा घेतला आणि खाल्ला. खारट होतं, थोडं आंबूस, टाळूला चिकटणारं. ज्याच्या चवीचं म्हणून लिहिलं होतं ते मी जन्मात चाखलेलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं. मिठानं आलं असं त्या वेळी म्हणालो, पण ते शरमेचं होतं.

रुख्माबाई बराच वेळ माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मी गिळल्याची खात्री झाल्यावर आत वळून म्हणाल्या, "ये वो मंदा. बस."

मंदा येऊन बसली. सुलोचनाबाई ओट्यापाशी आल्या आणि त्यांनी भाकरी आणि डबा तिच्या हातात दिला. या वेळी पाणी कोणी शिंपडलं नाही. मंदा डोकं खाली घालून खात राहिली. तिनं चव कशी आहे ते सांगितलं नाही, थांबलीही नाही. पाहता पाहता भाकरी संपली. डबा तिनं बोटानं पुसून घेतला. मग मान वर न करता अगदी हळू विचारलं, "अजून हाये का?"

तिला मी बोलताना ऐकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.

सुलोचनाबाईंची पिशवी रिकामी होती. रुख्माबाई उठल्या. आत गेल्या. वरणाचा गंज घेऊन बाहेर आल्या, मंदापुढे ताट ठेवलं आणि घरात अजून कोणी जेवलं नसताना, पळी तळापर्यंत घालून, ढवळून तिला वरण वाढलं.