भट्टीजवळचं पिंप

मी पिंप आहे, पाण्याचं. स्टीलचं, खाली नळ असलेलं. काचेच्या बाटल्या करणाऱ्या कारखान्यात, भट्टीसमोरच्या भिंतीला टेकून उभा असतो. बोलायची सवय नाही, पण एका कोड्याने मला फार दिवस छळलं, ते सांगतो.

दुकानातून निघालो तेव्हा वाटलं होतं, एखाद्या शाळेत जाईन. नशिबी आली भट्टी. इथे माझा पत्रासुद्धा चटका देतो. माणसं निथळत येतात, ग्लासावर ग्लास रिचवतात. नवा आलेला पहिल्याच दिवशी जोर दाखवतो आणि दुपारी डोकं धरून बसतो. जुन्यांचं अंग धगीला सरावलेलं असतं. मला हे सगळं बघायची भारी हौस.

पण एक बाई माझ्याकडे फिरकतच नसे. बाटल्या निवडायच्या टेबलावर दोन जावा होत्या. धाकटी तोंड ओलं करण्यापुरती यायची. थोरली तेवढंही नाही. माझ्या पाण्याला वास येतो की काय?

एका दुपारी थोरलीचा घामच थांबला. चेहरा लालबुंद. "बाटल्या झोपल्यात गं, उठव त्यांना," असं काहीतरी बरळली आणि कोसळली.

धाकटीने ग्लास भरून तिच्या तोंडाशी नेला, तसा मुकादम ओरडला, "तोंडात नको! शुद्धीवर नाही ती. अंगावर ओता!"

तिला बाहेर सावलीत नेलं. मला रिकामा करून तिला भिजवलं, पंखा लावला, दवाखान्याची गाडी बोलावली. माझा जीव टांगणीला लागला.

वाचली ती. निरोप आल्यावर मुकादम धाकटीवर उखडला. "पाणी हाताशी होतं, प्यायला काय झालं होतं?"

"पिऊन जायचं कुठे, दादा?" धाकटी म्हणाली. "बायकांचा संडास पार फाटकापलीकडे. गेलं की तुम्हीच म्हणता, गप्पा छाटायला गेल्या. म्हणून घसा कोरडा ठेवतो आम्ही."

मुकादम तडक मालकाकडे संडासाचं बोलायला गेला. आणि मी वेडा, माझ्याच पाण्याला नावं ठेवत होतो!

पुढे गोदामाशेजारी बायकांसाठी संडास बांधला. थोरली परतली तेव्हा मुकादमाने तिला दाराजवळचं हलकं काम दिलं. "वहिनी, अंगाला पुन्हा सवय होऊ द्या." ती माझ्यापाशी आली, सावकाश प्यायली आणि जावेला म्हणाली, "गोड आहे गं पाणी!" मी किती फुगलो म्हणून सांगू!

आता माझा नळ गळतो. माझ्या जागी गार पाण्याचं यंत्र येणार आहे. येऊ दे. जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो, कोणी पाण्याकडे फिरकत नसेल, तर त्याला तहान नाही असं समजू नका. विचारा.