नर्मदेच्या वजनाचे नारळ

कारखान्यात बसण्याच्या एकूण एकोणीस जागा होत्या. कचेरीत लाकडी खुर्च्या सहा, त्यांतल्या चार हातांच्या. फळे कापायच्या पडवीत लांब बाकडी सात. प्रयोगशाळेत स्टुले तीन. दारापाशी घडीच्या लोखंडी खुर्च्या दोन, आणि बॉयलरच्या बाजूला सिमेंटचा कट्टा एक. या एकोणिसांपैकी पाच ठिकाणी नर्मदा कोचरेकर बसू शकत असे: बिनहातांच्या दोन खुर्च्या, भिंतीला लागून असलेली दोन बाकडी आणि तो कट्टा. ही मोजदाद तिने नोकरीच्या पहिल्याच दिवशी, कुणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने उरकली होती. प्रयोगशाळेत ती उभ्यानेच काम करी. लोकांना वाटे, बाई कामाला वाघ आहे.

कारखाना कसालच्या बाहेर, हमरस्त्यापासून आत होता. उन्हाळ्यात तिथे आंब्याचा रस डब्यांत भरत आणि कोकमाचे सरबत करत. सावंतवाडीच्या कॉलेजातून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली नर्मदा तिथे चार वर्षे होती. रसातली साखर किती, आंबटपणा किती, डब्याचे झाकण नीट बसले की नाही, हे ती तपासायची. मालक जयरामशेठ, ज्यांना सगळेच बाबा म्हणत, सत्तरीला आले होते. रसाचा प्रत्येक घाणा तयार झाला की ते प्रयोगशाळेच्या दारात उभे राहून एकच प्रश्न विचारत, "बरोबर मां गो?" ती "बरोबर" म्हणाली की माल बाहेर जाई. ती "नाय" म्हणाली की अख्खा घाणा ओतून देत, आणि त्यावर दुसरा शब्द काढत नसत.

गेल्या पावसाळ्यापासून झोपेत तिचा श्वास अडकू लागला होता. आई शेजारी बसून ऐकत राही आणि श्वास थांबला की हलवून उठवी. सावंतवाडीच्या डॉक्टरांनी हृदयावर ताण येतो आहे असे सांगून तिला मुंबईला धाडले. तिथे एक सर्जन परदेशातून नवी शस्त्रक्रिया शिकून आले होते. जठराचा वरचा थोडासा भाग टाक्यांनी वेगळा करायचा, त्याची अंड्याएवढी पिशवी करायची. माणसाला मग चार घासांतच पुरे होते आणि वजन हळूहळू उतरते. आपण आजवर अकराजणांवर ही शस्त्रक्रिया केली आणि त्यांतले दहाजण घरी गेले, हेही सर्जनांनी लपवले नाही. असे आकड्यात सांगितलेले नर्मदेला बरे वाटले. अकराव्याबद्दल तिने विचारले नाही.

तारीख मिळाली ती नेमकी गुढीपाडव्यानंतरची, म्हणजे हंगाम सुरू होताना. रजा निदान दहा आठवड्यांची लागणार होती.

मरणाचे भय तिला होतेच, पण त्याचा हिशेब तिने करून टाकला होता. हिशेबात बसत नव्हती ती दुसरीच गोष्ट. एकोणतीस वर्षांत तिचे वजन कुणी तिच्यासमोर मोठ्याने उच्चारले नव्हते. खुद्द आईलाही आकडा ठाऊक नव्हता. पोट कापून घ्यायला चालली आहे हे कळले की चार लोक म्हणणार, तोंड आवरत नाही म्हणून पोट शिवून घेते. तिला जायचे होते आणि यायचे होते; मध्ये काय झाले ते कुणाला कळू नये, एवढेच तिचे मागणे होते. मालकाला मात्र सांगणे भाग होते.

शिमगा आटोपल्यावर एका सकाळी ती कचेरीत गेली. वाक्य तिने पाठ केले होते. "बाबा, मला पोटाच्या शस्त्रक्रियेसाठी दहा आठवड्यांची रजा हवी आहे." यापुढे एक अक्षर बोलायचे नाही असे ठरले होते. बाबा हंगामाचे कारण काढतील, कुरकुरतील, आणि त्यालाही तिच्याजवळ उत्तर तयार होते.

बाबांनी हंगामाचे नाव काढले नाही. त्यांनी चष्मा उतरवला.

"पोटाचा? खंय, मुंबयक?"

ती हो म्हणाली आणि त्याच क्षणी तिच्या ध्यानात आले. बाबांची मुलगी आनंदी हिला नऊ वर्षांपूर्वी पोटाच्याच दुखण्यासाठी मुंबईला नेले होते. ती परत आली नव्हती. कारखान्यात हे सगळ्यांना माहीत होते आणि म्हणूनच कुणी बोलत नसे.

"गाठ आसा?" बाबांनी विचारले.

"नाही."

"खोटा सांगू नको. आनंदीय माका तसाच म्हणाली होती."

ते टेबलावर चष्मा शोधू लागले. चष्मा त्यांच्या डाव्या हातात होता. त्या चाचपणाऱ्या हाताकडे नर्मदेला बघवेना. पाठ केलेले वाक्य राहिले बाजूला आणि कचेरीतली भाषाही राहिली. ती घरच्या बोलीत म्हणाली, "बाबा, गाठ नाय. माझा वजन उतरवचा म्हणान पोट बारीक करतले. नायतर हृदय थकात, म्हणतत." आणि मग तिने सगळे सांगितले. झोपेतला श्वास सांगितला, पिशवी सांगितली, अकराही सांगितले.

बाबांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग विचारले, पिशवी केवढी? तिने मूठ अर्धी मिटून दाखवली.

"पेज तरी रवात मां तेच्यात?"

"रवात."

"मगे जा."

पगार चालू राहील, तुझ्या जागेवर कुणी बसणार नाही, तोवर कुडाळच्या कॉलेजातला एक मास्तर येऊन रस तपासून जाईल, असे त्यांनी एका दमात ठरवूनही टाकले. उठताना नर्मदा म्हणाली की ही गोष्ट कुणाला कळता कामा नये. बाबांनी शपथेसाठी गळ्याला हात लावला. "माझ्या तोंडातसून माणसाक कळाचा नाय."

त्यांचा शब्द म्हणजे सील केलेला डबा, हे तिला चार वर्षांत कळले होते. ती निर्धास्त झाली. बाकीच्यांना तिने सांगितले की मुंबईला भावजयीच्या बाळंतपणाला जाते. फळे कापणाऱ्या बायकांची मुकादमीण राधाबाई हिने तर दुसऱ्याच दिवशी अर्धा किलो डिंक आणून दिला आणि लाडू कसे वळायचे तेही समजावले. डिंक घेताना नर्मदेला ओशाळल्यासारखे झाले, पण तिने तो घेतला.

पाडव्याच्या दिवशी हंगामाचे गाऱ्हाणे होते. दरवर्षी फळाची पहिली पाटी आत जाण्याआधी अंगणात पाट मांडून त्यावर नारळ ठेवत, आणि गावचे मानकरी महादू गावकर ग्रामदेवता रवळनाथाला साऱ्यांच्या वतीने साकडे घालत. मालकाने मानकऱ्याच्या कानात हळू सांगायचे आणि मानकऱ्याने ते देवाला मोठ्याने सांगायचे, अशी रीत. महादूंचा आवाज असा की हमरस्त्यावरचा एसटीचा ड्रायव्हरसुद्धा हात जोडी.

अंगणात चाळीसेक बायका आणि दहाबारा गडी उभे होते. महादूंनी सुरुवात केली. बॉयलर शाबूत राहू दे, व्हय म्हाराजा. डबे फुगू नये, व्हय म्हाराजा. लॉरी घाटात अडकू नये, व्हय म्हाराजा. दर मागणीमागचे "व्हय म्हाराजा" नर्मदाही इतरांबरोबर म्हणत होती. मग बाबा पुढे वाकले आणि महादूंच्या कानाशी बराच वेळ बोलत राहिले.

"आणि बा देवा रवळनाथा," महादूंनी आवाज लावला, "ह्या तुझा नर्मदा लेकरू भावाकडे म्हणान जाता. पण तसा नाय. मुंबयक पोट कापून बारीक करूक जाता. अंगाचा वजन उतरवचा म्हणान जाता. जिवाक भ्या आसा. तर ती जशी जाता तशीच तिका परत हाड, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा" या वेळी दोनचार तोंडांतूनच आले. बाकीची डोकी वळली होती. मागच्या रांगेतून एक गडी म्हणाला, "तशीच परत हाडल्यार मगे गेल्याचो उपेग काय?" आणि तीनचार बायका पदरात हसल्या.

महादू थांबले नाहीत. "आणि ती सुखरूप इली की तिच्या वजनाइतके नारळ तुझ्या पायाकडे घालीन, असा हो जयराम बोलता, म्हाराजा."

 राधाबाई नर्मदेच्या शेजारीच होती. ती रागावली नाही, फक्त हळू म्हणाली, "मी डिंक दिलंय गो तुका." 

नर्मदा बाबांजवळ गेली. "तुमी शपथ घेतली होती, बाबा."

बाबांनी तिच्याकडे निर्मळ नजरेने पाहिले. "देवाक सांगलंय गो. माणसांक खंय सांगलंय?"

ते मनापासून बोलत होते. नारळापुढे उभे राहिल्यापासून त्यांना तो नारळ आणि त्यामागचा देव एवढेच दिसत असावे. तिचा चेहरा पाहून त्यांनी मान फिरवली, अंगणभर नजर टाकली, आणि तेव्हा कुठे त्यांना तिथे माणसे असल्याचे दिसले. त्यांचा हात गळ्याकडे गेला आणि तिथेच राहिला.

"आनंदीच्या वक्ताक मी गप रवलंय," ते तिला एकटीला ऐकू जाईल असे म्हणाले. "लग्नाचा चेडू, तेच्या पोटात काय आसा म्हणान लोक तोंड घालतले. लाज वाटली माका. देवाक सांगूचाच रवला. परत तसा करूक धीर झालो नाय."

 त्यांच्यावर रागावायला तिला जागाच सापडेना.

एवढ्यात मागे नवा घोळ सुरू झाला होता. वजन कोणते धरायचे? आत्ताचे की परतल्यावरचे? तो मघाचा गडी म्हणाला की बाय अर्धी होऊन आली तर देवाचे अर्धे नारळ बुडाले. कुणी म्हटले, देवाला हिशेब कळतो. महादूंनी हात वर केला. त्यांच्या मते यात वादाला जागाच नव्हती. नवस बोलला गेला तेव्हा जे अंग उभे होते, त्याच अंगाचा तो नवस. तेव्हा वजन आत्ताच करून ठेवायला हवे. देवाशी घासाघीस केली तर नवस फळत नाही. एवढे बोलून त्यांनी अंगणाच्या कडेच्या काट्याकडे पाहिले, ज्यावर आंब्याच्या पेट्या चढवत.

 बाबा म्हणाले, "नको गो. रवांदे. मी अंदाजान घालतलंय, दोनशे घालतलंय." पण बोलतानाही ते त्या काट्याकडेच बघत होते. आणि हे अंदाजाचे नारळ त्या माणसाला जन्मभर झोपू देणार नाहीत हे तिला दिसत होते. ती परत आली नाही, तर नऊ वर्षांपूर्वीसारखाच आजचा दिवस ते पुन्हा पुन्हा तपासत बसतील आणि त्यात त्यांना हे एक उणे सापडेल.

ती चालत काट्यापाशी गेली. चपला काढल्या. काट्याच्या फळीवर चढताना आधाराला काही नव्हते. राधाबाईने पुढे होऊन तिचा दंड धरला, आणि ती नीट उभी राहिल्यावर सोडला.

काटा शिवाच्या ताब्यात असे. पेट्यांची वजने तो इतक्या मोठ्याने ओरडे की कचेरीत बसलेल्या कारकुनाला उठावे लागत नसे. आज त्याने दांडीवर वजने चढवली, सरकवली, नर्मदेकडे न बघता घसा साफ केला आणि म्हणाला, "ब्याण्णव."

बायकांत एक लहानसा सुस्कारा झाला. म्हणजे एवढेच. महादूंनी मान डोलावली.

नर्मदेच्या छातीसमोरच दांडी होती. दांडीच्या टोकावर शिवाचा अंगठा होता. अंगठ्याचे नख दाबाने पांढरे पडले होते. हा माणूस आंब्याच्या पेटीमागे पावशेर कधी सोडत नसे. ती अजूनही खाली उतरू शकत होती. ब्याण्णव हा आकडा वाईट नव्हता. तो घेऊन ती मुंबईला जाऊ शकत होती, आणि अंगणातल्या एकाही माणसाला खरा आकडा कधी कळला नसता.

बाबा पुढे आले. प्रयोगशाळेच्या दारात उभे राहत तसेच काट्यापाशी उभे राहिले, आणि चार वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून तोच प्रश्न निघाला.

"बरोबर मां गो, नर्मदे?"

तिने त्यांच्याकडे पाहिले. मग शिवाकडे पाहिले. शिवाचे डोळे भरले होते आणि तो मान अगदी थोडी, नाही नाही अशी, हलवत होता.

"शिवा," ती म्हणाली, "आंगठो काढ."

त्याने अंगठा काढला. दांडी खाडकन वर जाऊन आपटली. नर्मदेने हात पुढे करून मोठे वजन स्वतः एक खाच पुढे सारले, मग लहान वजन बोटाने हळूहळू सरकवत नेले. दांडी वर गेली, खाली आली, पुन्हा थोडी वर गेली आणि मधोमध थांबली. तिने श्वास रोखून ती पूर्ण स्थिर होऊ दिली, आकडा एकदा वाचला, खात्रीसाठी पुन्हा वाचला, आणि महादूंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितला.

एकशे अठरा किलो, चारशे ग्रॅम.