सतरा नंबरच्या चकतीची साक्ष

मी सतरा नंबरची चकती बोलतेय. बोलावं की नाही, याची मला अजून खात्री नाही. पण माझ्यासमोरची पाटी वाचून लोक माना डोलावतात, ते आता बघवत नाही.

ओहायोतल्या एका विद्यापीठाच्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. तळहाताएवढी डबी आणि तिच्यावर शून्यापासून शंभरपर्यंत फिरणारी मी. अध्यक्षपदाचे उमेदवार टीव्हीवर वाद घालायला उभे राहिले, की प्रोफेसर हॉलग्रेन आम्हा तीस जणींना तीस मतदारांच्या हाती देत. अट एकच: मत ठरलेलं नसावं. बोलणं आवडलं तर उजवीकडे फिरवायचं, नाही तर डावीकडे. आमच्या आकड्यांच्या सरासरीची रेघ लगेच पडद्यावर उमटे आणि सारा देश ती बघे. हे वादच निवडणूक फिरवतात, असं प्रोफेसरांनी तीस वर्षं शिकवलं. पुरावा आम्ही.

माणसं मला तळव्यांवरून कळली. कुणी टाय बघून फिरवी, कुणी शेजाऱ्याची चकती बघून. एक गृहस्थ मला सत्तरवर ठेवून झोपी गेले, तर चॅनेलने त्याला ‘ठाम पाठिंबा’ म्हटलं.

त्या ऑक्टोबरात मी व्हर्ना स्टुकीच्या हाती आले. शाळेची बस चालवणारी बाई, पकड दणकट. एका उमेदवाराने शाळांबद्दल असं सुरेख उत्तर दिलं, की तिने मला थेट शंभरवर नेलं. शेजारच्या मर्लने चोरून पाहिलं आणि आपली चकती फिरवली. मग त्याच्या शेजारणीने. बघता बघता अख्खी रांग! रेघ उसळली. “निवडणूक इथेच फिरली!” चॅनेलवाला ओरडला.

पाच मिनिटांत प्रोफेसरांना कॅमेऱ्यासमोर जायचं होतं. ते हसतच आले. “काय व्हर्ना, मत यालाच ना?”

“छे हो! मी दुसऱ्याला दिलं.”

“दिलं?”

“नऊ दिवस झाले. मतपत्रिका टपालाने पाठवून मोकळी झाले.”

“अहो, पण फॉर्मवर ‘ठरलेलं नाही’ लिहिलंत ना!”

“फॉर्म सप्टेंबरात भरला होता, प्रोफेसर. नंतर कुणी विचारलंय?”

“मग शंभर कशाला?”

“समोरच्या संघाने अवघड झेल घेतला तर मी टाळ्या वाजवते. म्हणून काय माझ्या संघाची टोपी बदलू?”

“माझंही गेलंय टपालाने,” मर्ल म्हणाला. “मला वाटलं, हिला काहीतरी कळलं असेल.”

“तू गप रे!” व्हर्नाने त्याला दटावलं.

प्रोफेसरांनी मला उचललं. ते गप्प राहिले असते तर कुणाला कळणार होतं? मी तरी गप्पच राहिले असते. ते कॅमेऱ्यासमोर गेले आणि म्हणाले, “ही रेघ टाळ्यांची आहे. मतं किती हलली, मला ठाऊक नाही. बहुधा फारशी ना—”

तिथेच जाहिरात लागली. जाहिरातीनंतर रेघ परत आली, प्रोफेसर आले नाहीत.

शाळांबद्दल बोललेला तो उमेदवार जिंकला. माझ्यामुळे? मला नाही वाटत. पण माझ्यामुळे नाहीच, असंही छातीठोकपणे सांगता येत नाही. आता मी विद्यापीठाच्या काचेच्या कपाटात आहे. पाटीवर लिहिलंय: ‘हिने अध्यक्ष निवडला.’

निवृत्त प्रोफेसर दर मंगळवारी काठी टेकत येतात आणि पाटीखाली चिठ्ठी चिकटवतात: ‘हिला फिरवणारीचं मत आधीच टपालात होतं, तेही दुसऱ्याला.’ पहारेकरी ती बुधवारी काढून टाकतो.

तेव्हा एवढंच मागणं आहे: मला बघायला येणार असाल, तर मंगळवारी या.