आडव्या बाटलीच्या गावातली थाळी

हर्षालीला वाटलं होतं, गावातल्या बायका तिची वाट बघत बसल्या असतील. पदर डोक्यावर, डोळ्यांत आशा, हाताला काम नाही. आणि आपण जाऊन त्यांना उभं करायचं. आयर्लंडमध्ये दोन वर्षं अन्नतंत्रज्ञान शिकताना तिने हे चित्र मनात कितीदा रंगवलं होतं. सापडलं ते निराळंच. घोटीच्या बाजूच्या आमच्या गावात, ग्रामपंचायतीला लागून असलेल्या खोलीत तीन शेगड्या होत्या, आवाज करणारा पण चालणारा फ्रिज होता, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, पापडांचे पुडे रचलेले होते, आणि बारा बायका होत्या. त्यांनी तिला बसायला पाट दिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "शिकवायचं नंतर बघू. तुला काय काय करता येतं, ते सांग."

हे मला ठाऊक आहे, कारण तेव्हा मी तिथेच भिंतीला टेकून उभी होते. मी या बचत गटाची थाळी बोलतेय. वड्या थापायची, उंच काठाची, दोन हातांनी उचलावी लागते एवढी मोठी.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतो तो नाशिकच्या भांडी बाजारातला दिवस. गटातल्या शकुबाई आणि विठाबाई, दोघी मला बोटांनी वाजवून बघत होत्या. दुकानदार म्हणाला, "मावशी, एवढी मोठी कशाला? घरात चार माणसं असतील." शकुबाई म्हणाल्या, "चार नाय, सगळं गाव हाय. आडवी बाटली जिंकली आमची."

त्याचा अर्थ मला गावात आल्यावर कळला. गावाच्या फाट्यावर दारूचं दुकान होतं. ते बंद करायचं की नाही यावर बायकांचं मतदान झालं. कागदावर दोन चित्रं होती. दुकान राहू द्यायचं असेल तर उभ्या बाटलीवर शिक्का, बंद करायचं असेल तर आडव्या. शकुबाई दारोदार फिरल्या, शिव्या खाल्ल्या, पण आडवी बाटली निवडून आणली. त्या आनंदात मी विकत घेतली गेले, आणि माझ्यात थापलेल्या पहिल्या तिळाच्या वड्या घरोघरी वाटल्या गेल्या. तेव्हापासून गटाची रीतच पडली. नवा जिन्नस केला की पहिला घाणा विकायचा नाही, बारा घरी वाटायचा. आणि ज्या घरी थाळी जाते, ते घर तिला रिकामी परत पाठवत नाही. मूठभर तांदूळ, नागली, काही तरी पडतंच.

सहा वर्षं मी या फेऱ्या मारल्या. कधी मान खाली घालावी लागली नाही. ती वेळ हर्षालीमुळे आली असं म्हणून मी सुटू शकते, पण तसं म्हणणार नाही. मलाही सगळं दिसत होतं.

हर्षाली वाईट नव्हती. उलट फार चांगली होती, फार घाईने चांगली. वडील नाशिकला बँकेत, चुलती गावात. ती चुलतीकडे राहायला आली. रोज सकाळी खोलीत हजर. "मावशी, आपण हे करू शकतो", "मावशी, जग कुठे गेलंय" हे बोलताना तिचे गाल लाल व्हायचे. धरणाकडच्या एका मोठ्या हॉटेलवाल्याशी ती बोलून आली होती. द्राक्षाचे मळे आणि वाईन बघायला मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना खोलीत ठेवायला काही गोड हवं होतं. नमुना आवडला तर वर्षभराचं काम. हर्षालीने ठरवलं, चॉकलेटचा फज, म्हणजे तिकडची मऊ वडी, करायचा. आयर्लंडमधली तिची घरमालकीण दर नाताळात करायची तसा, क्रीम लिकर, म्हणजे सायीची गोड दारू, घातलेला.

लिकर हा शब्द मात्र तिने खोलीत उच्चारला नाही. तिकडून आणलेली ती सुंदर तपकिरी बाटली चुलतीच्या घरी राहिली, आणि आतला ऐवज पाण्याच्या साध्या बाटलीतून आला. आडव्या बाटलीची गोष्ट तिने पहिल्याच दिवशी ऐकली होती. ऐकून टाळ्याही वाजवल्या होत्या. पण तिच्या मनात ती दारू वेगळी आणि ही वेगळी. ती फाट्यावरची, ही नाताळातली.

करणं सोपं होतं. कंडेन्स्ड मिल्कचे डबे पातेल्यात ओतले, चॉकलेटच्या लाद्या तोडून टाकल्या, लोणी, चिमटीभर मीठ. मंद आचेवर सगळं विरघळेपर्यंत हलवायचं, बस.

विठाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "पाक नाय?"

"नाही."

"तार बघायची नाय?"

"नाही हो, मावशी."

"हात तरी दुखतील का नाय? का तेबी नाय? हे कसलं करनं, हे तर इरघळवनं झालं." सगळ्या हसल्या. "आन नाव काय म्हनली?"

"फज."

"बघ बाई, फजिती नको व्हायला."

हर्षालीही हसली. गॅस बंद केला, पातेलं खाली उतरवलं, आणि त्या साध्या बाटलीतून मोजून सहा मोठे चमचे घातले. गटातली सगळ्यात लहान स्नेहा, लग्न होऊन वर्षच झालेलं, तिने पुढे वाकून वास घेतला. "ताई, हे काय?"

"फ्लेवर आहे. कॉफीसारखा."

एवढंच. स्नेहाने मान हलवली, तूप लावून मला पुढे सरकवलं, आणि तो गरम, गुळगुळीत गोळा माझ्यात पसरला. वाटीच्या बुडाने सारखा केला. खोबरं, तीळ, शेंगदाणे असं कितीतरी माझ्यावर थापलं गेलंय. हा वास मात्र ओळखीचा नव्हता. मला तेव्हाच ओरडायला हवं होतं. पण थाळी पडली तरच आवाज करते, आणि मला कोणी पाडलं नाही.

चार तास मी फ्रिजमध्ये होते. बाहेर काढून हर्षालीने शंकरपाळ्यांसारख्या वड्या पाडल्या आणि तिचा फोन वाजला. हॉटेलवाला होता. खोलीत आवाज तुटतो म्हणून ती बोलत बोलत पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. पहिल्या घाण्याची रीत तिला कोणी सांगितली नव्हती. ही सांगायची गोष्ट आहे असंच कोणाला वाटलं नव्हतं. ती परत आली तेव्हा खोली मोकळी होती. मी शकुबाईंच्या हातात, तिसऱ्या घरी पोचले होते.

ती धावत आली. मला वाटलं, आता सांगेल. तिचं तोंड उघडलंसुद्धा.

"ये गं पोरी," शकुबाई म्हणाल्या, "बघ तरी, तुझ्या हाताला काय चव हाय! चिमणाबाईनं दात नसताना दोन खाल्ल्या."

त्या घरची म्हातारी चिमणाबाई ओट्यावर बसून बोळक्या तोंडाने हसत होती. "लोन्यावानी इरघळती. औक्षवंत हो."

आणि हर्षालीचं उघडलेलं तोंड हसण्यासाठी होतं असं तिने दाखवलं. तिसऱ्या घरी बोलता आलं असतं. चौथ्या घरी थोडं अवघड झालं. सातव्या घरी विठाबाईंच्या चार वर्षांच्या नातवाने आणखी एक मागितली आणि विठाबाईंनी दिली. तिथे तर हर्षालीने डोळेच मिटून घेतले. प्रत्येक घरी कोणी तरी तिच्या डोक्यावरून हात फिरवत होतं, आणि प्रत्येक घरातून माझ्या काठाशी तांदूळ पडत होते. चांगले, वासाचे, घरचे तांदूळ. मी शरमेने जड होत गेले.

शेवटचं घर शकुबाईंचं. त्यांचा मुलगा नवनाथ टेम्पो चालवतो. दुकान फाट्यावर असताना तो कुठे पडलेला सापडायचा हे गावाला माहीत आहे. दुकान गेलं तरी त्याची दारू लगेच गेली नाही. तो घोटीला जाऊन पिऊन यायचा. सुटली त्याला चौदा महिने झाले होते, आणि शकुबाईंनी या चौदा महिन्यांत एकदाही कोणापुढे ते बोलून दाखवलं नव्हतं. दृष्ट लागेल म्हणून.

नवनाथने हात धुतले, वडी तोंडात टाकली. दोनदा चावला. मग जबडा थांबला.

"कशी लागली रे?" शकुबाईंनी विचारलं.

त्याने गिळलं. "बरी हाय," म्हणाला. आईकडे न बघता हर्षालीकडे बघितलं. "थाळी मी पोचवून येतो खोलीवर."

खोलीवर अजून ऊन होतं. नवनाथने मला तांदळासकट ओट्यावर ठेवलं. हर्षाली दारात उभी होती.

"ताई, काय घातलंय यात?"

"फ्ले..." ती म्हणाली आणि थांबली. "क्रीम लिकर. थोडीशीच. सहा चमचे, एवढ्या सगळ्यात."

"उकळली असंल ना पन? उकळल्यावर उडून जाती म्हन्तात."

याचं उत्तर 'हो' देता आलं असतं. त्याला ते हवंही होतं. पण तिने शिकलेली विद्या नेमकी इथे आडवी आली. "नाही," ती म्हणाली. "गॅस बंद करून घातली. उडाली नाही."

नवनाथ खाली बसला. बराच वेळ त्याने माझ्यातले तांदूळ बोटाने इकडून तिकडे केले. "जीभ लगेच वळखती, ताई. एवढीशी व्हती, पन वळखलं. आन काय सांगू, अजून एक खावीशी वाटली. म्हनून उठलो."

हर्षाली दारातून आत आली आणि त्याच्यासमोर बसली.

"ताई, माझे चौदा महिने मोडले का हो?"

तिचे गाल पुन्हा लाल झाले होते, पण या वेळी उत्साहाने नाही.

"आईला सांगू नका," तो उठत म्हणाला. "तिनं सोताच्या हातानं बारा घरी वाटलंय. आडवी बाटली आनली तिनं, आन तिनंच... ती कुनाला तोंड दाखवायची नाय. तुमी काय, जाल नाशकाला. मी बघीन माझं मी."

तो गेला. हर्षालीने तांदूळ पिशवीत काढले, उरलेल्या आठ वड्या डब्यात भरल्या आणि मला चुलतीच्या घरी नेऊन राखेने घासलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. चुलती म्हणाली, "अगं, लख्ख झाली की!" ती थांबली नाही. मला सांगायचं होतं, पोरी, माझ्यावर काही चिकटलेलं नाही. चिकटलंय ते राखेने निघायचं नाही.

हॉटेलवाल्याचा निरोप आला होता, उद्या नमुना आणा. तिने फोन पालथा ठेवला.

मी साधी थाळी आहे. माझ्यात काय ओतायचं हे मी ठरवत नाही, आणि ते काय आहे हे खाणाऱ्याला सांगताही येत नाही. म्हणून मला हाताळणाऱ्या सगळ्यांना एकच विनवते. माझ्यात काहीही वाढा, पण ज्याच्या पुढे मला धराल त्याला आधी सांगा. तो मला रिकामी परत पाठवत नाही, एवढं तरी लक्षात ठेवा.

आज सकाळी हर्षाली मला घेऊन निघाली. एका काखेत मी, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी आणि वड्यांचा डबा. नवनाथ दारासमोर टेम्पोची काच पुसत होता. पिशवी पाहून म्हणाला, "चालल्या का ताई नाशकाला?"

"नाही. आईंकडे आलेय." ती टेम्पोजवळ येऊन थांबली. "तुमचं नाव घेणार नाही मी. पण ही गोष्ट तुमच्या गळ्यात बांधून मी जाणार नाही. चौदा महिन्यांत आईपासून लपवलेली ही पहिली गोष्ट असेल ना तुमची?"

फडकं काचेवर थांबलं.

"काल मला उत्तर देता आलं नाही," ती म्हणाली. "तुमचं काही मोडलेलं नाही. माहीत असताना जिने वाढलं, मोडलंय ते तिचं. पण हे मी फक्त तुम्हाला सांगून भागायचं नाही. आधी आईंना सांगते, मग बाराही घरी जाते. त्यांचे तांदूळ ज्याचे त्याला परत. मग त्यांनी ठेवलं तर राहीन."

"आई लय बोलंल."

"बोलू द्या."

"नाय, तसं नाय." नवनाथने फडकं खांद्यावर टाकलं. "ती बोलली तर बरं. गप बसली तर अवघड."

हर्षालीने मान हलवली, मला काखेत सावरलं आणि शकुबाईंच्या दाराची कडी वाजवली.