पाय टेकवायचा नाही!

मी जोडसायकल बोलतेय. अहो, पुढचं हँडल बघून निघून जाऊ नका, जरा मागेही बघा. मी अजून संपलेली नाही! दोन हँडल, दोन सीट, चार पेडल आणि चाकं मात्र दोनच, असा माझा सगळा कारभार आहे. पडेगावातल्या आमच्या कॉलनीत मी वळायला लागले की रिक्षावालेसुद्धा थांबून वाट देतात. ते आदरानं थांबतात असं मी मानते. तुम्हीही तसंच माना.

माझा जन्म यंदाच्या मार्चमधला, चिकलठाण्याचा. तिथे बन्सी मिस्त्रींचं गेट-ग्रिलचं दुकान आहे. त्याआधी मी दोन होते. पुढची मी म्हणजे अतुलची काळी, उंच सायकल. त्याला कंपनीत नेऊन-आणून दमलेली. मागची मी म्हणजे त्याच्या लेकीची, श्रेयाची, गुलाबी लेडीज सायकल. सहावीत हट्टानं घेतलेली आणि आठवीत विसरलेली. दोघी कित्येक वर्षं एकाच जिन्याखाली उभ्या होतो, पण बोलणं नव्हतं. मिस्त्रींनी एकीचं मागचं चाक काढलं, दुसरीचं पुढचं काढलं आणि ठिणग्या उडवत दोघींना एक करून टाकलं. वरून कुणाच्या तरी बंगल्याच्या गेटचा उरलेला चॉकलेटी रंग मारला.

"अतुलभाऊ, गेटं केली, ग्रिलं केली, एकदा नवरदेवाला घोड्यावर चढायची शिडी केली," मिस्त्री चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "पण असलं जनावर पहिल्यांदाच हातून झालं. चालंल ना हो हे?"

"न चालून कसं? बायको अन् पोरगी परदेशात सायकल चालवायला चालल्यात," अतुल म्हणाला.

परदेशात! वेल्डिंग अजून गरम होतं, तेवढ्यात माझ्या डोक्यात हवा गेली. टायरमध्ये ती नंतर भरली.

ही सगळी कल्पना करुणाची, म्हणजे अतुलच्या बायकोची. ती औरंगपुऱ्यातल्या एका लॅबमध्ये लोकांचं रक्त घेते. दिवसभर सांगत असते, "घाबरू नका, मुंगी चावल्यासारखं वाटंल." स्वतः मात्र सायकलीला जन्मभर घाबरत आलेली, कारण तिला ती कुणी शिकवलीच नाही. माहेर फर्दापूरचं. घरात एकच सायकल, ती भावाची. ही मागे कॅरिअरवर. सातवीत असताना, अजिंठ्याची लेणी बघायला आलेलं एक गोरं जोडपं तिच्या वडिलांच्या टपरीवर चहाला थांबलं. त्यांच्याकडे माझ्यासारखीच लांबलचक सायकल होती. चहा पिऊन दोघं निघाले तेव्हा मागे बसलेली बाई दोन्ही हात सोडून शेंगा खात होती. ते दृश्य करुणाच्या डोक्यातून तीस वर्षं गेलं नाही.

आणि गेल्या दिवाळीत तिला मोबाईलवर डॅन्यूब नदी सापडली. ऑस्ट्रियात तिच्या काठाकाठानं सायकलींसाठी वेगळा रस्ता आहे, बराचसा सपाट, या गावाहून त्या गावाला जाणारा, आणि त्यावरून सत्तरीच्या आज्या जोडसायकलीवर गप्पा मारत चाललेल्या असतात. झालं! फ्रिजवर नकाशा लागला. भाजी काढायला गेलेलं माणूस आधी डॅन्यूब ओलांडायचं, मग कोथिंबिरीपर्यंत पोचायचं.

तिला जायचं होतं ते फक्त श्रेयाबरोबर. श्रेया दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती आणि जूनच्या मध्याला लातूरला जाणार होती. डॉक्टरकीचे क्लास, दोन वर्षं होस्टेल. "एकदा गेली की मग ती सुट्टीत पाहुण्यासारखीच येणार," करुणा नवऱ्याला म्हणाली होती. "त्याच्या आधी दहा दिवस मला ती पाहिजे. नुसती घरात नाय, माझ्यापाशी."

श्रेयाला मात्र ते दहा दिवस झोपायला हवे होते.

"मम्मी, तुला सायकल येत नाही. तू मला परदेशात नेऊन पाडणार."

"तू पुढं, मी मागं. मला फक्त पाय मारायचेत."

"आणि लोक बघतील ते?"

"तिथं कोण ओळखतंय आपल्याला?"

"तिथं नाही, पण प्रॅक्टिस इथं करायचीय ना!"

तिचंही चुकत नव्हतं. पहिल्या दिवशी कॉलनीच्या मैदानात आम्ही पाच वेळा आडव्या झालो. माझं पुढचं चाक मोठं, मागचं लहान, त्यामुळे मी मागे जरा कललेली. मागे बसणाऱ्याला रस्ता दिसत नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. करुणाला तर कुत्रं, रिक्षा, उडत आलेली प्लॅस्टिकची पिशवी, कशाचाही नुसता आवाज आला की "अगं बाई!" म्हणून ती एक पाय जमिनीवर टेकवायची. दोघींचे पेडल एकाच चेननं बांधलेले. मागची थांबली की पुढची अडलीच, आणि मग मी कुणाचं ऐकू? मी सरळ झोपायचे.

अतुलची आई, मुक्ताबाई, ओट्यावर खुर्ची टाकून हे बघत बसायच्या. "ह्या सायकलीवर बसायला शिकायल्यात का खाली बसायला?" असं त्यांनी एकदा मोठ्यानं विचारलंही. शेजारच्या सत्यभामाबाई माझ्या हँडलला बांधायला लिंबू-मिरच्या घेऊन आल्या, तर मुक्ताबाईंनी हात पुढे केला. "आण इकडं. ठेच्याला कामी येतील."

शेवटी श्रेयानं अट घातली. घरापासून दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत जायचं. मम्मीनं एकदाही पाय टेकवायचा नाही. जमलं तर ती परदेशात येणार, नाही जमलं तर पुन्हा तो विषय घरात काढायचा नाही. करुणानं एका क्षणात "व्हय" म्हटलं. मग आत जाऊन गटागटा पाणी प्यायली.

आता तुम्हाला एक गुपित सांगते. बायकोच्या काळजीपोटी अतुलनं माझ्या मागच्या हँडललाही ब्रेक बसवून घेतला होता, आणि करुणा तो घंटीसारखा वापरायची. श्रेया पुढे जीव काढून पेडल मारतेय आणि मागे ही दाबून बसलीय! तिसऱ्या दिवशी श्रेया बापाकडे गेली. "पप्पा, एक तर तो ब्रेक काढा, नाहीतर मम्मीला काढा." करुणा लॅबला गेलेली बघून अतुलनं हळूच ब्रेकची वायर कापली. बाहेरून सगळं जसंच्या तसं. दाबलं की दबतं, सोडलं की सुटतं, फक्त होत काही नाही.

दुसऱ्या दिवशी मैदानात म्हैस आडवी आली. श्रेयानं पुढून ब्रेक लावला, आम्ही थांबलो, आणि मागून करुणा अभिमानानं म्हणाली, "बघ, मी टायमावर ब्रेक मारला म्हणून वाचलो!" अतुल तोंडावर रुमाल धरून घरात पळाला. त्यानंतर रोज तेच. रोज ती वाचवायची, रोज श्रेया ओठ चावत पुढे बघायची. मला मेलीला लाज वाटून मी कुरकुरायचे. या लोकांना वाटायचं चेनला तेल कमी पडलंय.

पण मी सुधारले, म्हणजे त्या सुधारल्या. श्रेया पुढून ओरडायची, "खड्डा!" मागून उत्तर यायचं, "व्हय!" "ब्रेकर!" "व्हय!" पडेगावच्या रस्त्यावर यापलीकडे बोलायला सवडच मिळत नाही. चौदा एप्रिलला तर त्यांनी मला निळ्या फिती बांधल्या, पुढे निळा झेंडा लावला, आणि पांढऱ्या कपड्यांतल्या मायलेकी जयंतीला कॉलनीभर फिरल्या. पहिल्या फेरीत श्रेयानं ओढणीनं तोंड झाकलं होतं. तिसऱ्या फेरीत ती मैत्रिणींना हात करत होती!

त्याच आठवड्यात माझ्यावर आभाळ कोसळलं. मुक्ताबाईंनी सहज विचारलं, "श्रेये, हे एवढं मोठं धूड इमानात कसं बसवायचं गं?"

"आजी, ही नाही न्यायची. तिथं भाड्यानं मिळते."

भाड्यानं! मी इथे धूळ खाणार आणि तिकडे दुसरीच कुणी मिरवणार? त्या दिवशी माझं पुढचं चाक खाली बसलं. पंक्चरवाल्यानं टायर उलटं-सुलटं करून पाहिलं, त्याला खिळा काही सापडला नाही. त्याला कुठून सापडणार?

रुसायला मात्र वेळ मिळाला नाही. एप्रिलचा शेवटचा रविवार ठरला. ऊन चढायच्या आत, सकाळी साडेपाचला निघालो. मागून स्कूटरवर अतुल, आणि त्याच्या मागे पंच म्हणून मुक्ताबाई. "मी फक्त पायाकडं बघणार. सून बिन माझ्याजवळ काही नाय," असं त्यांनी निघतानाच जाहीर केलं होतं.

मिटमिटा गाव मागे गेलं. शरणापूरजवळ एक ट्रक इतक्या जवळून गेला की माझी सगळी हाडं वाजली. करुणाचे हात मागच्या हँडलवर घामानं ओले झाले होते, पण पाय फिरत होते. दौलताबादच्या रस्त्याला लागलो आणि किल्ला दिसला. श्रेया ओरडली, "मम्मी, दिसला!" हिला काय दिसणार, हिच्यापुढे श्रेयाची पाठ! तरी ही म्हणाली, "लई भारी!"

रस्त्यावरच्या जुन्या दरवाजातून बाहेर पडलो, किल्ला अगदी हाकेवर राहिला, आणि शेळ्यांचा कळप आडवा आला. श्रेयानं करकचून ब्रेक दाबला. माझं चाक वाळूत सरकलं, मी एका अंगाला कलले, श्रेया किंचाळली, "मम्मी, पाय नको!" आणि धाडकन एक पाय जमिनीवर पडला.

"टेकला!" मागून मुक्ताबाई गरजल्या.

धूळ बसली. सगळ्यांनी खाली पाहिलं. पाय श्रेयाचा होता. करुणा दोन्ही पाय पेडलवर आवळून, डोळे गच्च मिटून, वाकड्या सीटवर सरळ बसली होती.

श्रेया रागाच्या भरात सगळं विसरून मागे वळली. "तू ब्रेक दाबलास म्हणून झालं हे!"

करुणानं डोळे उघडले. "त्या ब्रेकला वायर तरी हाय का?"

अतुलला अचानक स्कूटरचा आरसा पुसायची आठवण झाली.

"तुला... कधी कळलं?" श्रेयानं विचारलं.

"कापली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. दाबला, तरी तू पाय मारायलीच. मी काय येडी हाय का?"

"मग रोज दाबायचीस कशाला? आणि वर म्हणायचीस, मी वाचवलं!"

"तू हसायचीस ना," करुणा म्हणाली. "मागून मला दुसरं काय दिसतंय? तुझे खांदे तेवढे हलायचे. माझ्यासोबत तू एवढी कधी हसली होतीस, सांग बरं. म्हणून मी आपली रोज दाबायची."

"आणि भीती नाही वाटली? ब्रेक नाही माहीत असून?"

"लई वाटायची. पण पुढं तू होतीस."

श्रेयानं तोंड पुढे फिरवलं. माझ्या पुढच्या हँडलवर डोकं टेकवून ती रडत होती की हसत होती, ते माझ्याशिवाय कुणाला कळलं नाही, आणि मी सांगणारही नाही. मुक्ताबाईंनी स्कूटरवरूनच निकाल दिला, "अट काय होती? सुनेनं पाय टेकवायचा नाय. सुनेनं टेकवला नाय. झालं, उठा!"

मग श्रेयानं डोकं वर केलं, नाक पुसलं आणि म्हणाली, "पप्पा, तिकिटं काढा."

किल्ल्यासमोर सगळ्यांनी उसाचा रस प्यायला. एक शेळी माझी मागची सीट चाखून बघत होती, तरी मला तिचा राग आला नाही. माझा सगळा रुसवा तिथेच संपला. इतका आनंद मला कधी झाला नव्हता, आणि तो परदेशाविनाच झाला!

आता जून लागलाय. मायलेकी जाऊन आठ दिवस झाले. मी जिन्याखाली स्टँडवर उभी असते आणि माझ्या मागच्या हँडलवर मुक्ताबाईंचे टॉवेल वाळतात. काल दुपारी त्या लसूण सोलत असताना व्हिडिओ कॉल आला. हात भरलेले म्हणून त्यांनी फोन माझ्या पुढच्या सीटवर उभा केला, त्यामुळे मलाही सगळं दिसलं. ती भाड्याची चंदेरी आहे, गिअरवाली आहे. मी खोड शोधून पाहिली. जरा अशक्त वाटते, एवढंच म्हणेन.

फोन श्रेयाच्या हातात होता आणि ती मागे बसली होती! पुढे हेल्मेट घातलेली एक पाठ, पलीकडे हिरवी नदी.

"आजी, बघ कोण चालवतंय! सकाळपासून सोडतच नाही!"

"बोलू नको गं," पुढून करुणाचा आवाज आला. "बदक! उजवीकडं बदक!"

"व्हय!" श्रेया मागून ओरडली, आणि चित्र हसण्यानं इतकं हलायला लागलं की फोनच बंद पडला.

मला खरं तर काळजी लागली होती. श्रेया लातूरला गेली की माझी पुढची सीट रिकामी राहणार आणि मी पुन्हा जिन्याखाली विसरली जाणार, असं मी धरून चालले होते. पुढच्या सीटची काळजी काल मिटली. राहिली मागची.

फोन बंद झाल्यावर मुक्ताबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं. मग उठल्या, टॉवेल काढले, मागच्या सीटवर हात दाबून पाहिला. गल्लीत कुणी नाही ना, हे दोन्हीकडे बघून घेतलं. पातळ खोचलं आणि, स्टँडवर असतानाच, चढून बसल्या!

मी हूं का चूं केलं नाही. तुम्हीही कुठे बोलू नका. फक्त इकडून कधी गेलात, तर माझ्या मागच्या चाकात जरा हवा भरून द्या.