शेवटची ओळ

बाबा गेल्याच्या नवव्या दिवशी तेल्हाऱ्याचे बुधाजी तेलगोटे मुलाला घेऊन आले, बूट काढले, जयभीम घातला आणि म्हणाले, "सरले याले पाहू द्या."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाबा टेबलावर होते, फ्रेममध्ये, समोर मेणबत्ती.

"बुधाजीकाका, बाबा आता..."

"मालूम हाये ना, पोरी. खांदा देल्ला म्या. पण पुस्तक उद्या छापाले जाते."

बाबांनी अकोल्याच्या जुन्या शहरात पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. नाव झालं ते मात्र समाजाच्या वधू-वर परिचय मेळाव्याच्या पुस्तकामुळे. फोटो, शिक्षण, नोकरी, उंची, आणि सगळ्यांत खाली देखणेपणाचा एक इंग्रजी वाक्प्रचार, तायडे सरांनी निवडलेला. त्यांचे नियम दोनच. माणूस समोर बघितल्याशिवाय लिहायचं नाही, आणि एकदा दिलेला वाक्प्रचार दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही.

त्यामुळे ते वाक्प्रचार लोकांच्या मालकीचे झाले. रस्त्यातल्या माना आपल्याकडे वळवणारी ती 'हेड टर्नर' आता आजी आहे, दोन्ही गुडघे बदललेली. भाजीवाला अजून तिला त्याच नावाने हाक मारतो. बाबा गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी एक बाई भेटायला आल्या, रडल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "आमच्या सासूबाई बी वारल्या दिवाईत. त्यायचं 'प्रिटी ॲज अ पिक्चर' मोकयं झालं असंन ना आता? घरात नात हाये."

"मी लिहून देते काहीतरी," मी बुधाजींना म्हणाले. मी अमरावतीला ग्रंथपाल आहे. पुस्तकांची कमी नव्हती.

"काहीतरी नाही पायजे. मागच्या साली एक जन सरकडे आलाच नाही, त्याले छापखान्यावाल्यानं मोबाइलातून काढून लावलं. साखरपुडा मोडला. सरच्या वहीतलंच पायजे."

मी वही काढली. दोनशे बारा वाक्प्रचार, एकेक खोडलेला, शेजारी नाव आणि साल. फक्त एक शिल्लक होता. 'अ साइट फॉर सोअर आइज.' दुखऱ्या डोळ्यांना बघूनच बरं वाटावं असं कोणी. त्याच्यापुढे पेन्सिलीने माझं नाव लिहिलं होतं: राखीव, प्राजक्ता.

मी एक्केचाळीस वर्षांची आहे. दर वर्षी बाबा विचारायचे, "यंदा लिहू का?" मी नाही म्हणायचे. त्यांनी मला सुंदर असं कधी म्हटलं नव्हतं. मी ते वाचलं आणि वही मिटून मांडीवर ठेवली.

"संपलेत," मी म्हणाले.

आईने वहीकडे पाहिलं.

"आधी सरले पाहू तं द्या," बुधाजी म्हणाले. त्यांनी फ्रेम उजेडाकडे वळवली आणि श्यामला समोरच्या खुर्चीत बसवलं. श्याम वायरमन होता. गळ्यापर्यंत बटणं लावलेला शर्ट, कान जरा पुढे आलेले. हा त्याचा पाचवा मेळावा, पण पुस्तकात नाव यंदा पहिल्यांदा.

"डावीकून दाखव. आता उजवीकून. हास जरासा. एवढा नोको!" मग ते थांबले. "चष्मा कुठी हाये सरचा? चष्म्याबिगर त्यायले मी बी ओयखू नोतो येत."

आईने, का कोण जाणे, खणातून चष्मा काढून दिला. चष्मा सरकला की बाबा अंगठा थेट काचेवर टेकवून तो वर लोटायचे. त्यासाठी चाळीस वर्षं आईची बोलणी खाल्ली त्यांनी. डाव्या काचेवर तो ठसा अजून होता. मी नऊ दिवस खणाला हात लावू दिला नव्हता कोणाला.

बुधाजींनी काचेवर हाऽ केलं आणि खांद्यावरचा दुपट्टा उचलला.

"आबा, थांबा!" श्याम खुर्चीतून उठला होता. "पुसू नोका. अंगठा हाये सरचा."

त्याने चष्मा दांडीला धरून घेतला, वाफ उडेपर्यंत तसाच हवेत धरला. ठसा होता तिथेच होता. मग त्याने तो फोटोवर अलगद टेकवला आणि परत जाऊन बसला, डावा गाल पुढे करून, सांगितल्याप्रमाणे.

मी त्याच्याकडे पाहिलं. माझे डोळे नऊ दिवस चुरचुरत होते.

वही उघडली. माझं नाव खोडरबराने पुसलं, तिथे श्याम तेलगोटे लिहिलं, साल घातलं आणि वाक्प्रचार खोडला. तो एका कागदावर उतरवून दिला.

बुधाजींनी बोट ठेवून अक्षरं मोजली. "वानखड्याच्या पोरीले देल्ल्याहून लांब हाये," ते खूश होऊन म्हणाले.

श्यामने कागद खिशात ठेवला आणि विचारलं, "ताई, संपले होते ना?"

"एक सापडला."

ते गेल्यावर मी चष्मा काढायला हात पुढे केला.

"राहू दे," आई म्हणाली. "दुपारी अजून दोघं येऊन राह्यले."