पाणी आत की बाहेर

ऐन तोडणीत सिन्योरा नीवेसच्या तळघरातलं टाकी थंड ठेवणारं नवं चिलर बंद पडलं. टाकीत द्राक्षांचा रस आंबत होता, आंबता आंबता तापत होता. बावीस अंश. पंचवीस ओलांडले की सुगंध उडाला, वर्षाची वाइन गेली.

मी गाल्दिनो, इथला मिस्त्री. एकतीस वर्षं दर तोडणीआधी जुन्या चिलरच्या पिंपाचं झाकण उघडून आतल्या नळ्या ब्रशने घासत आलोय. नळ्यांत पाणी, बाहेर गॅस. मला कोण शिकवणार? नवं पिंपही तसंच लांबडं, टोकांना झाकणं. नळ्यांत गाळ बसला असणार, म्हणून पाना घेतला.

पण पाण्याचे पाइप झाकणात यायचे सोडून पिंपाच्या पोटात शिरले होते. झाकणात शिरत होत्या त्या तांब्याच्या नळ्या. बराच वेळ बघत राहिलो, काही उमगेना. "उलटं जोडलंय गाढवांनी!" म्हणालो आणि बोल्ट फिरवले. दुसऱ्या बोल्टलाच गॅसची फुसफुस सुरू झाली. परत आवळले, तरी थांबेना.

घाबरून चिलर बनवणाऱ्या कारखान्यात फोन लावला. तिथली इंजिनिअर लोरेदाना म्हणाली, "काका, पाणी कुठून शिरतं?"

"पोटातून."

"मग यात पाणी नळ्यांच्या बाहेर असतं, गॅस आत. झाकणाला हात लावू नका हं! गाळ पंपाजवळच्या जाळीत असेल. ती धुवा, पाच मिनिटांचं काम."

"नाही लावला हात," मी म्हणालो. कानाशी फुसफुस चालूच होती.

जाळी खरंच गच्च भरली होती. धुतली. पण गॅस गेल्यावर यंत्र कसलं चालतंय! तेवीस अंश झाले. आत काय, बाहेर काय, माझं डोकं पार गरगरलं.

नीवेस आली. "अरे, ब्रश मारलास ना? मग थंड का होत नाही?"

कारखान्याचा दोष, असं म्हणायला तोंड उघडलं. शेजारच्या तार्चिझिओची थंड टाकी रिकामी होती, पण त्याच्याशी हिचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं. मी खोटं बोललो तर ही कारखान्याच्या माणसाची वाट बघत बसणार, आणि रस जाणार.

"सिन्योरा, मला हे यंत्र कळलंच नाही. नको ते उघडलं, गॅस घालवला. रस तार्चिझिओकडे हलवा, आत्ताच."

 तिने फोन काढला, त्याचा नंबर लावला आणि वाजत असताना म्हणाली, "चूक कबूल करायला एकतीस वर्षं लागली होय रे तुला? मला नऊच लागली. पाइप ओढ."